मिशीची पैज

"हलू नका भावजी. आणि बोलूही नका, माझी मोजणी चुकते," मी म्हटलं.

हिंदुराव भावजी आमच्या सोप्यात चटईवर उताणे पडले होते. उजवं मनगट माझ्या बोटांत आणि डाव्या हातानं मिशीला पीळ देणं चालू. शेजारच्या चटईवर आमचे हे, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखे. शाळेतलं स्टॉपवॉच माझ्या मांडीवर होतं. रविवारची सकाळ होती आणि दोघांच्या नाड्या मोजून होईपर्यंत घरात कुणालाच चहा मिळणार नव्हता. चहानं नाडी वाढते, हे भावजींचंच शास्त्र.

"बोलू नको म्हटलं की जास्तच बोलावंसं वाटतंय, वैनी."

"बोल की. नाडी वाढंल आणि पळणाऱ्याची हार होईल," हे डोळे न उघडता म्हणाले.

"पळणारा हरत नसतो. हरतो तो बुडाखाली खोगीर घेऊन व्यायाम करणारा."

मी आकडा सांगितला. भावजींची नाडी साठाच्या आत आली होती. यांची अजून साठाच्या वरच होती. भावजी उठून बसले आणि यांच्याकडे बघत मिशीवरून पालथा हात फिरवला. हे मुकाट्यानं चटई गुंडाळायला लागले. मी चहा टाकायला आत गेले आणि आतूनच दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाड्या कमी करा नाहीतर वाढवा, पण सोपा झाडायचा आहे मला."

हिंदुराव यादव आमच्या हायस्कुलात पीटी शिकवायचे. आमचे हे, अधिकराव थोरवडे, त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. दोघं एका बाकावर बसून शिकलेले, एकाच शाळेत नोकरीला लागलेले आणि कराडात एकाच आळीत दोन घरं सोडून राहणारे. भावजी उंच, छाती भरलेली, आणि मिशी अशी की शाळेतली पोरं शिट्टीपेक्षा मिशीला भ्यायची.

या सगळ्या व्यायामाच्या खुळाला कारण होतं. थोरवड्यांच्या घरात पुरुष पन्नाशी बघत नाही, असं आमच्या भावकीत उघड बोललं जायचं. माझे सासरे खळ्यावर उभ्या उभ्या कोसळले. मोठे दीर लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता गेले, हातातली बुंदीची परात तशीच खाली आली. दोघांनाही त्याआधी साधा तापही नव्हता. दिरांना अग्नी देऊन आल्यापासून हे माझ्याशी हसून बोलायचे, पण झोपेत माझा हात धरून ठेवायचे. वैजू, आमची मुलगी, तेव्हा दहावीत होती. पुढच्या चैत्रात यांना पन्नास पूर्ण होणार होती. तेवढा चैत्र जाऊ दे, म्हणून मी पालीच्या खंडोबाला बोलले होते. दुसरं काही मागत नव्हते.

डॉक्टरांकडे गेलो होतो. कार्डिओग्राम चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, रोज घाम येईल असा व्यायाम करा, पळा नाहीतर सायकल चालवा, आणि वर्षभरानं परत दाखवा. झालं. पळा की सायकल चालवा, एवढं एक वाक्य या दोन मास्तरांना पुरलं.

"पळण्यासारखं काही नाही," भावजी सांगायचे. "सगळं अंग काळजाला पेलावं लागतं. सायकलीवर निम्मं वजन सीटवर. बसून खाणं आणि बसून व्यायाम, दोन्ही सारखंच."

"आणि गुडघे? ते काय तुझा बाप नवीन आणून देणार?" हे विचारायचे. यांचे गुडघे खरंच कुरकुरत. "पळणारा अर्ध्या तासात गळतो. मी दोन तास सायकल मारतो. काळजाला काम जास्त कुणाचं झालं?"

"उतारावर पाय हलवायला लागतात का तुला?"

"चढावर ये की एकदा माझ्यामागं."

हे रोज. शाळेच्या व्हरांड्यात, भाजी घेताना, कुणाच्या बारशालासुद्धा. शेवटी एकदा भावजीच म्हणाले, की हातच्या कांकणाला आरसा कशाला, मनगटच सांगंल. नाडी जितकी सावकाश तितकं काळीज दांडगं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतंय म्हणून त्याला घाई नसते. दिवाळीनंतर सुरुवात करायची, संक्रांत झाली की शेवटची मोजणी. वैनी पंच. ज्याची नाडी कमी तो जिंकला.

"आणि हरला त्यानं?" यांनी विचारलं.

"मिशी उतरवायची."

आता आमच्या यांची मिशी म्हणजे नावाला. ती गेली असती तर मलासुद्धा दुपारपर्यंत कळलं नसतं. पण भावजींची मिशी वेगळी. शिवाय त्यांचे वडील, आबा, हयात होते. आमच्याकडं बाप गेला की मिशी उतरवतात. बाप जिवंत असताना कुणी वस्तरा लावत नाही. भावजींना हे माहीत नव्हतं असं नाही. हरायचंच नाही म्हटल्यावर माणूस काहीही पणाला लावतो.

हिवाळाभर दोघं झपाटल्यासारखे वागले. भावजी पहाटे कृष्णाकाठानं पळायचे. हे सायकल काढून सुर्लीच्या घाटाकडं जायचे. परत आले की कपाळावरचा घाम मला दाखवायचे, जसं पोर पाटीवरचं अक्षर दाखवतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. पोट उतरलं, रंग उजळला. यांचीही नाडी आठवड्या-आठवड्याला थोडी खाली यायला लागली. मी रात्री हात सोडवून घ्यायचे तर तो सैल असायचा. पन्नाशीचं पुरण मी मनात शिजवायला टाकलं होतं.

मार्गशीर्ष संपत आला तसं काहीतरी बदललं. घाटातून यायला यांना उशीर व्हायला लागला. एकदा भावजींनीच येऊन सांगितलं, "वैनी, गडी चढाला सायकल हातात धरून चालला होता. मी डोळ्यांनी बघितलं."

"चाक पंक्चर होतं," हे म्हणाले.

चाक पंक्चर नव्हतं. मीच दुपारी दाबून बघितलं होतं. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "दम लागतोय जरा. थंडी आहे."

"दम लागतोय तर दम खा की चार दिवस."

"दम काढायचा असतो. आता कुठं नाडी खाली यायला लागलीय. चार दिवस बसलो तर परत वर जाईल."

"वर्ष होत आलं. डॉक्टरांना दाखवून या."

"पैज होऊ दे. मग जाऊ दोघं."

मी भांडले. मी भांडायला कमी करत नसे, आळीला माहीत आहे. पण दिवाळीपासून या माणसाला हसताना बघत होते, आणि जो माणूस दहा वर्षं मरणाला भ्याला तो आता भीत नव्हता. त्याच्या हातून ते काढून घेणं जमेना.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी मनगट धरलं आणि मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. एक ठोका पडला. मग मी वाट बघत बसले. मग दुसरा. ठोका चांगला भरीव, बोट उचलून टाकील असा, पण सावकाश. देवळातली घंटा कुणीतरी येता-जाता वाजवावी तसा. मी पुन्हा मोजले. पुन्हा तेवढेच. चाळीसाच्या आत.

"खोटं," भावजी म्हणाले. "श्वास कोंडून धरलाय त्यानं."

"श्वास कोंडून नाडी कमी होती होय रे, पीटीच्या मास्तरा?" हे म्हणाले.

भावजी गुडघ्यावर आले आणि यांचं मनगट स्वतःच्या हातात घेतलं. शाळेत शेकडो पोरांच्या नाड्या त्यांनी मोजलेल्या. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवत मोजलं, परत मोजलं. मग मनगट हळूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "मानलं. अशी नाडी ऑलिंपिकच्या गड्याची असती."

मी तेवढ्यात यांच्या गळ्याकडे बघत होते. गळ्याच्या बाजूला, कॉलरच्या वर, कातडीखाली काहीतरी उडत होतं. मनगटाच्या ठोक्याशी त्याचा काही मेळ नव्हता. तिथं आपलं भराभरा चाललेलं, आणि मधूनच एक मोठी उसळी.

"भावजी, हे बघा. गळ्यापाशी वेगळंच काहीतरी उडतंय."

भावजींनी वाकून बघितलं. "काळीज जोरात ढकलतंय ना, ते वरपर्यंत कळतं," ते म्हणाले. "दांडगं झालंय, वैनी. आता याला काय धाड भरत नाही. शंभरी गाठतोय तुमचा नवरा."

शंभरी म्हटल्यावर मी गप्प बसले. दहा वर्षं मी पन्नाशीसाठी पदर पसरत होते, आणि हा माणूस मला शंभर देत होता.

संक्रांत झाली. शेवटच्या मोजणीला नाडी आणखी दोन ठोक्यांनी खाली होती. भावजींची पन्नासच्या वर. मी निकाल सांगितला, भावजींनी यांच्या पायाला हात लावल्यासारखं केलं आणि थेट सलूनमध्ये गेले. जाताना म्हणाले, "मर्दाचा शब्द आहे."

तासाभरानं आले ते पेढ्यांचा पुडा आणि झेंडूचा हार घेऊन. मी दार उघडलं आणि क्षणभर मला ओळखच पटेना. वरचा ओठ उघडा, पांढरा, लहान पोरासारखा. हे पोट धरून हसले. हसता हसता खाली बसले, भिंतीला टेकले, आणि मला नुसता हात केला की थांब, हसू आवरू दे. मला तेव्हा वाटलं, हसूच आहे. भावजींनी हार यांच्या गळ्यात घातला. "सायकल जिंकली," ते म्हणाले. "उद्यापासून मलापण एक बघ जुनीपानी."

तेवढ्यात आबा आले. काठी टेकत, धापा टाकत, डोक्याला फेटाही नव्हता. ऐंशीच्या पुढचे. आळीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"बघू तोंड," ते म्हणाले.

भावजी उठून उभे राहिले.

"मी जित्ता हाय अजून," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बाप मेल्यावर मिशी काढत्यात. तू आधीच काढलीस. आता ती काय रिकामी जाती व्हय? तू कुणालातरी आवतान धाडलंस बघ."

"आबा, गंमत होती," हे हार घातलेल्या गळ्यानं म्हणाले.

"गंमत तुमाला. मरणाला गंमत कळत न्हाय." आबा माझ्याकडं वळले. "पोरी, मला पाणी दे. माझं आता उरकलंच म्हणायचं."

मी पाणी दिलं, पेढा दिला. त्यांनी पाणी घेतलं, पेढा नाही. ते गेल्यावर हे म्हणाले, "म्हातारा अजून वीस वर्षं आपल्याला शिव्या घालणार आहे." आम्ही सगळे त्यावर हसलो.

मंगळवारी शाळा सुटल्यावर हे अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होते. मी स्वयंपाकघरात होते. पंपाचा आवाज येत होता, फुस्स, फुस्स. मग थांबला. हवा भरून झाली असेल म्हणून मी गॅसवरचं दूध उतरवलं आणि मग बाहेर आले. हे चाकाशेजारी पडले होते. पंपाची नळी अजून चाकाला लागलेली होती.

मी भावजींना हाक मारली. दोन घरांपलीकडून ते अनवाणी पळत आले. पळण्याचा त्यांचा तेवढाच उपयोग झाला. रिक्षात घातलं तेव्हा यांनी डोळे उघडले, तोंडावर रंग आला, आजूबाजूला बघून म्हणाले, "काही नाही गं. चक्कर आली."

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टर ती हातात धरून बघत राहिले.

"नाडी इतकी कमी कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

भावजी म्हणाले, "आठ-दहा दिवस झाले असतील. व्यायामानं आणलीय, डॉक्टर. सायकल. पैजच होती आमची. परवा हार घातला त्याला."

डॉक्टरांनी पट्टी घडी करून खिशात घातली. मग आम्हा दोघांना बाजूला घेऊन म्हणाले, "व्यायामाचा याच्याशी काही संबंध नाही. सायकल चालवली असती, पळाले असते, नुसते घरी बसले असते तरी हेच होणार होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नाहीये. वरचा आपला वेगानं चाललाय. खालचा कसाबसा, त्याच्या मनानं पडतोय. तो कधीही थांबू शकतो."

मी विचारलं, "गळ्यापाशी भराभर उडायचं, ते?"

"ते वरचं. मनगटाला लागत होतं ते खालचं. तुम्ही बघितलं होतं?"

मी होय म्हटलं. "मलाही दाखवलं होतं," भावजी म्हणाले.

"घरात आधी कुणी असं अचानक गेलंय?" डॉक्टरांनी विचारलं. मी दोन नावं सांगितली. त्यांनी मान हलवली. "पुण्याला न्यायला हवं. छातीत छोटं यंत्र बसवतात, ठोका देणारं. ते बसलं की माणूस पुढं व्यवस्थित जगतो. गाडी सांगितलीय मी."

माणूस व्यवस्थित जगतो. खळ्यावर गेलेले सासरे, पंगतीत गेलेले दीर, आणि इतकी वर्षं ज्याला आम्ही घराण्याचा शाप म्हणत होतो त्यावर एक छोटं यंत्र होतं. मी देवाला सोडून कुणाला काही विचारलंच नव्हतं.

आम्ही आत गेलो. हे उशीला टेकून होते. वैजूला काही कळवू नका, तिची सराव परीक्षा आहे, म्हणाले. मग भावजींच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ओठाच्या कडेनं हसले.

"हिंद्या, लई वंगाळ दिसतोस. वाढव परत."

"तू पुण्यासनं ये. मग वाढवतो."

गाडीचा आवाज बाहेर आला. यांचा हात माझ्या हातात होता, आणि सवयीनं माझी बोटं मनगटावर होती. एक ठोका पडला. मी वाट बघितली. हल्ली वाट बघायची सवयच झाली होती. मी बघत राहिले. भावजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडत बाहेर पळाले.

यांना अग्नी वैजूनं दिला, मुलगा नाही आणि यांचा भाऊही उरला नव्हता म्हणून. घाटावर हजर असलेल्या पाहुण्यांतल्या एकानं भावजींचा उघडा ओठ बघून विचारलं म्हणे, हे मयताचे सख्खे भाऊ का? भावजी होय म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आबा आले. सोप्यात, जिथं चटया पडायच्या तिथं बसले. काठी मांडीवर आडवी घेतली.

"माझ्याकडं यायला निघालं हुतं, पोरी," ते म्हणाले. "दोन घरं अलीकडं थांबलं. दार चुकलं त्याचं."

मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, ते आधीपासूनच आत होतं."

"डॉक्टरला काय ठावं," आबा म्हणाले आणि रडायला लागले. त्यांच्या वयाच्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला स्वतःला तोवर रडू आलं नव्हतं. मग आलं.

चैत्र आला तसा गेला. पालीला मी गेले नाही. भावजींनी सायकल घेतली नाही आणि पळणंही सोडलं. शाळेत पोरांना मैदानावर सोडून स्वतः बाकावर बसायला लागले. पोरांच्या नाड्या मोजायचं बंद केलं. मला म्हणाले, बोट ठेवलं की मोजता येत नाही. मिशी त्यांनी पुन्हा राखली नाही. त्यांची बायको म्हणून म्हणून दमली. मीही एकदा म्हटलं, "यांनी सांगितलं होतं तुम्हाला, वाढव म्हणून."

"पुण्यासनं आल्यावर, असं ठरलं होतं," ते म्हणाले.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटी अगदी पिकलं पान गळावं तसे गेले, झोपेत, पोटभर जेवून. वैजूचा नवरा तेव्हा आमच्याकडं आलेला होता, तो घाटावर गेला. परत आल्यावर दारातच पायावर पाणी घेत त्यानं मला सांगितलं. डोकं करून झाल्यावर न्हाव्यानं भावजींचं तोंड हनुवटीला धरून वर केलं आणि थांबला. काढायला काही नव्हतं. बाप गेलाय, रीत आहे, म्हणून त्यानं ओठाला पाणी लावलं आणि कोरा वस्तरा नुसता एकदा फिरवला. भावजी म्हणाले, "राहू दे. ती आधीच दिलीय."